रस्त्यापलीकडचा फोन

माझं डोकं चटकन तापतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात माझ्या त्या डोक्याचा मोठा वाटा आहे, आणि आता इतक्या वर्षांनी ते लपवून तरी काय करायचंय?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथला राहायचो, बुद्धविहाराच्या मागे, दोन खोल्यांत. आमचे हे फिटर. त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं, वर्षभर घरी बसणं झालं, आणि मग एका ओळखीच्या माणसाकडून त्यांचं आखातात जायचं ठरलं. दोन वर्षांचा करार. मागे घरात सासूबाई, मी आणि पहिलीत जाणारी मुलगी. मी रोज शेअर रिक्षानं उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायचे. कारखाना म्हणजे काय, गल्लीत पत्र्याखाली बारा-चौदा मशिनी, आणि शिवून झालेल्या पँटींचे लोंबते धागे कात्रीनं साफ करणाऱ्या आम्ही सहा बायका. मालक सिंधी शेठ. बोलणं खेकसून, पण मनाचा वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर काळा फोन होता.

ह्यांनी बॅग भरली तेव्हाच मी बजावून ठेवलं होतं की दर आठवड्याला फोन पाहिजे. पत्रावर माझा विश्वास नाही. पत्रात माणूस काहीही लिहितो. आवाज ऐकला की कळतं, बरा आहे की बरा असल्यासारखं करतोय. शेठला विचारलं, तर तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, शुक्रवारी अकरा ते सव्वाअकरा, त्यानंतर माझे व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात, त्या वेळी लाईन अडवायची नाही. शुक्रवारी तिकडे सुट्टी असते, तेव्हा ते जमलं. अकरा म्हणजे अकरा, असं मी ह्यांना स्टेशनवर सोडतानासुद्धा सांगितलं.

पहिले काही महिने मजेत गेले, म्हणजे एकटीनं जेवढी मजा करता येते तेवढी. हे फोनवर काहीबाही सांगायचे आणि मी ते दुपारी डबा खाताना बायकांना सांगायचे. एक गोष्ट तर मी इतक्यांदा सांगितली की शेवटी मशिनवरचे कारागीरच ती एकमेकांना सांगायला लागले.

झालं असं, की कसल्याशा कागदांसाठी ह्यांना कंपनीच्या क्लार्कनं शहरात नेलं होतं. तिथे रस्त्यावर पांढरे पट्टे. हे कडेला उभे, आणि एक लांबलचक गाडी येऊन ह्यांच्यासमोर थांबली. आता आपल्यासाठी गाडी कशाला थांबेल? ह्यांना वाटलं, बिचारा पत्ता विचारतोय. म्हणून हे गेले त्याच्या खिडकीपाशी, वाकले, आणि हिंदीत म्हणाले की साहेब, मी इथे नवीन आहे, मला काही माहीत नाही. तो ड्रायव्हर हातानं सांगतोय, जा, जा. ह्यांना वाटलं तो चिडला. म्हणून हे आणखी वाकून माफी मागायला लागले. मागे पाच-सहा गाड्या खोळंबल्या, आणि एकानंही हॉर्न मारला नाही. शेवटी क्लार्कनं बाही धरून ह्यांना पलीकडे ओढलं.

आम्ही हसून हसून बेजार झालो. शेठसुद्धा हसला. आणि मी वर फुशारकी मारली की बघा, तिकडे माणसाला केवढा मान आहे, चालणाऱ्यासाठी मोटार थांबते. इथे आमच्या चौकात गाय आडवी आली तर रिक्षा थांबते, बाई आडवी आली तर नाही. पण खरं सांगायचं तर आपल्याकडच्या रस्त्याचं मला कधी भय वाटलं नाही. आपली रीत ठरलेली. पंजा वर करून दाखवायचा आणि निघायचं. पळायचं नाही, मध्येच थांबायचं नाही, एका चालीनं जायचं. रिक्षावाला आपला अंदाज घेतो, आपण त्याचा घेतो, दोन शिव्या होतात, आणि सगळे आपापल्या घरी पोचतात. मुलीला शाळेत नेताना मीही तिला हेच शिकवलं होतं.

आठव्या महिन्यात एका शुक्रवारी फोन आलाच नाही. मी अकरापासून टेबलापाशी उभी. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. शेठचा व्यापारी लाईनवर आला तेव्हा शेठनं माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट आत जाऊन कात्री हातात घेतली. पण डोक्यात तिडीक गेली होती. तो सबंध आठवडा मी मनातल्या मनात भांडण तयार करत होते. पुढच्या शुक्रवारी घंटी वाजली आणि मी त्यांना हॅलोच्या पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी असं कुठलं राज्य चालवता तुम्ही? आठवड्यातून एक फोन होत नाही? मी इथे लोकांच्या टेबलापाशी भिकाऱ्यासारखी उभी राहते, आणि तुम्ही तिकडे ताणून देता. जरा पाय उचलत जा.

ते म्हणाले की त्या दिवशी ओव्हरटाईम लागला होता, पुढे उशीर नाही होणार. आणि खरंच झाला नाही. त्यानंतर ठोक्याला अकरा. फक्त दर वेळी धाप लागलेली असायची. मी एकदा चेष्टा केली, की तिकडचं कोंबडीचं खाऊन सुटलात वाटतं, फोनपर्यंत यायला एवढा दम लागतो. ते हसले. मला मनातून बरंच वाटलं की आपल्या बोलण्याचा एवढा धाक आहे.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं, एका मंगळवारी संध्याकाळी, बदलापूरचे एक गृहस्थ आमच्या घरी आले. तिथल्या शिरगावचे. ह्यांच्याच खोलीत राहायचे तिकडे. मी त्यांना भाऊजी म्हणाले. नोकरी सोडून कायमचे परत आले होते, आणि ह्यांनी त्यांच्याबरोबर साबणाच्या वड्या, पावडरचा डबा आणि मुलीसाठी फ्रॉक पाठवला होता. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, आपल्या पोराची तब्येत विचारली. मी आपली नेहमीची चेष्टा काढली. म्हटलं, भाऊजी, तुम्ही लोक तिकडे फार आळशी झालात, फोनपर्यंत जायचं तर धापा टाकता.

भाऊजींनी कप खाली ठेवला. सासूबाई फ्रॉक घेऊन मुलीला दाखवायला आत गेल्या, तोवर ते थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, त्यांनी तुम्हाला रस्त्याचं काही सांगितलं नाही?”

कसला रस्ता, मी म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. ह्यांचा कॅम्प, म्हणजे कामगारांची वस्ती, शहरात नाही, शहराबाहेर वाळवंटात आहे. कॅम्पच्या समोरून मोठा रस्ता जातो. चार गाड्या शेजारी शेजारी या बाजूनं, चार त्या बाजूनं, मध्ये लोखंडी जाळी. फोन आहे तो पलीकडे, पेट्रोलपंपापाशी. पूल नाही, पट्टे नाहीत. नीट ओलांडायची जागा आहे ती उन्हातून तासभर चालल्यावर. म्हणून कुणीतरी जाळीला भोक पाडून ठेवलंय आणि सगळे तिथूनच जातात. मी म्हटलं, पण तिकडे तर माणसासाठी गाड्या थांबतात ना? भाऊजी म्हणाले, शहरात पट्ट्यांवर थांबतात. तोच ड्रायव्हर त्या रस्त्यावर थांबत नाही, कारण तिथे कुणी पायी असेल हे त्याच्या ध्यानीमनीच नसतं. गाडी दिसते तेव्हा लांब ठिपक्याएवढी असते, आणि दोन पावलं टाकेपर्यंत अंगावर आलेली असते.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. त्यांच्या खोलीत साताऱ्याकडचा एकजण होता. नवीनच आलेला.

“त्यानं हात दाखवला हो, वहिनी. आपण दाखवतो तसा. आणि एका चालीनं निघाला. गाडीनं लाईट मारला, त्याला वाटलं तो थांबतोय म्हणून सांगतोय. तिकडे लाईट मारतात तो बाजूला हो म्हणून.”

हे त्याच्या मागे चार पावलांवर होते. शुक्रवार होता. दोघं फोन करायलाच निघाले होते.

मी कुठला शुक्रवार ते विचारलं नाही. मोजायची गरजच नव्हती. मी ज्यांना ताणून देता म्हणाले होते, ते त्या दिवशी रस्त्याच्या कडेला त्या माणसाच्या प्रेतापाशी बसले होते. आणि पुढच्या शुक्रवारी मी त्यांना पाय उचलायला सांगितलं, आणि त्यांनी उचलले. ती धाप म्हणजे तो रस्ता होता. दर शुक्रवारी, अकराला दहा मिनिटं कमी असताना, माझा नवरा माझ्या तोंडाच्या भीतीनं त्या जाळीच्या भोकातून पळत होता, आणि मी इकडे त्याच्या वजनावर विनोद करत होते. आवाजावरून सगळं कळतं म्हणे! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

भाऊजी गेल्यावर मी सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्यांना सांगून त्यांनी काय केलं असतं? मीच काय करणार होते? पत्र लिहायला बसले, तर पत्र पोचायला पंधरा दिवस. म्हणजे मध्ये दोन शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मी शेठला सगळं सांगितलं, आणि त्यानं कधी नव्हे ते मला खुर्ची दिली. म्हणाला, तार कर, बाई. मी तारेचा विचार केलाच होता. पण परदेशात घरची तार म्हणजे कुणीतरी गेलं, असंच माणूस समजतो. तार हातात पडली की ते आहेत तसे उठतील आणि फोनकडे धावतील. मधल्या वारी, संध्याकाळच्या रहदारीत. नको ती तार. मग उरला तो शुक्रवारचा फोन. म्हणजे त्यांना रस्ता ओलांडू नका हे सांगायला त्यांनी रस्ता ओलांडायला हवा होता. याच्यापुढे माझी अक्कल चालेना.

तो शुक्रवार उजाडला. मी साडेदहापासून टेबलापाशी. शेठनं हिशेबाची वही बंद करून ठेवली. अकरा वाजले आणि घंटी वाजली. माझा जीव भांड्यात पडला. पोचले! पण रिसीव्हर उचलताना लगेच दुसरा विचार आला, की आता परत जायचंय.

मी म्हटलं, भाऊजी येऊन गेले, मला सगळं कळलंय. ते म्हणाले की तसं काही नाही, आम्ही जपून जातो, त्याचं नशीब वाईट होतं. मी म्हटलं, आजपासून फोन बंद. एकही फोन नको. पत्र लिहा.

“आणि तुझा आवाज?” ते म्हणाले. “आठवडाभर मी ह्याच्यावर काढतो गं.”

मला रडू फुटलं, पण मी आवाज चढवला, कारण मला तेवढंच येतं. माझी शपथ घातली. मुलीची घातली. त्यांनी दोन-तीनदा नको नको म्हटलं, मग म्हणाले, बरं, नाही करत. त्यांचं बोलणं संपलं होतं. पण माझ्या लक्षात आलं की जोवर हे माझ्याशी बोलताहेत तोवर रस्त्यावर नाहीत. म्हणून मी बोलत सुटले. मुलीचं अक्षर कसं सुंदर आलंय, छपराचा पत्रा बदलला, शेजारणीच्या मुलीचं ठरलं, भेंडी कशी जून मिळते, काहीही. सव्वाअकरा होऊन गेले. शेठनं घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेवटी त्यांच्याकडची नाणी संपली आणि वाक्याच्या मध्येच लाईन तुटली. मी भेंडीचंच काहीतरी सांगत होते.

मला वाटलं होतं, आता शुक्रवारी निवांत झोप लागेल. फोन नाही म्हणजे रस्ता नाही, रस्ता नाही म्हणजे माणूस सुखरूप. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजले, फोन वाजला नाही, आणि मी स्वतःला सांगितलं की बघ, ऐकलं त्यांनी. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी रिसीव्हर उचलून लाईन चालू आहे का ते बघितलं. आधी न वाजणाऱ्या फोनचा एकच अर्थ होता, आणि मी तो ओळखत होते. आता ते सुखरूप खोलीत बसले असले तरी फोन वाजणार नव्हता, आणि त्या साताऱ्याच्या माणसासारखं झालं असतं तरी वाजणार नव्हता. मीच माझे डोळे बांधून घेतले होते.

पत्रं यायची. पण पत्र म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीचं. ह्यांचं अक्षर बघितलं की कळायचं, त्या दिवशी होते. आज आहेत का, हे पत्र कसं सांगणार? मी कात्री चालवता चालवता चुका करायला लागले. एका पँटीचा खिसाच कापला. शेठ काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला जास्त लागलं. आपली कुणी एवढी कीव केलेली मला आवडत नाही.

असे दोन महिने गेले, तिसरा लागला. आणि मग पत्र येईना. एक आठवडा नाही, दुसरा नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की सासूबाई ओट्यावर जाऊन उभ्या राहायच्या आणि तो मान हलवून पुढे जायचा. तिसऱ्या आठवड्यात मुलीनं विचारलं, बाबा रागावलेत का? मी तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तिला जवळ घेऊन बसले. त्या दुपारी मी कामावरून उठले, शेठला न विचारता, आणि तारऑफिसात जाऊन तार केली. ताबडतोब फोन करा, एवढंच. तार करताना मला पक्कं माहीत होतं की मी काय करतेय. हा माणूस आता जीव तोडून धावणार. तरी केली. मला राहवेना, याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन वाजला. शेठनं उचलला आणि माझ्याकडे रिसीव्हर धरला.

“काय झालं? आई बरी आहे ना? पोरगी?” ते नीट बोलूही शकत नव्हते एवढा दम लागला होता.

मी म्हटलं, सगळे बरे आहेत, पत्र आलं नाही म्हणून. ते म्हणाले, पत्रं तर टाकलीत, तीन टाकलीत. ती कुठे अडकली कोण जाणे. मी म्हटलं, माझं चुकलं, तुम्हाला उगाच रस्ता ओलांडायला लावला, आता परत नाही.

त्यावर ते म्हणाले, “रस्ता तर मी दर शुक्रवारी ओलांडतोच गं. नवीन सहाजण आलेत, खेड्यातले. पहिल्याच दिवशी हात वर करून निघाले होते, मी मागे ओढलं. तेव्हापासून मीच एकेकाला धरून नेतो. सगळ्यांना घरी फोन करायचा असतो. पाच-सहा फेऱ्या होतात माझ्या.”

मी आवाज चढवला.

“मग तिथे उभे असता, आणि मला एक फोन करत नाही?”

“तू शपथ घातली होतीस ना फोनची. नुसता उभा राहायचो, त्यांचे होईपर्यंत.”

जवळजवळ तीन महिने. तीन महिने मी फोनकडे बघत बसले होते, आणि हे तिकडे फोनपाशी उभे होते. तो रस्ता ओलांडून, आणि मध्ये सगळी वाळू, सगळा समुद्र. मला ओरडायचं होतं की त्या लोकांना नका नेऊ, त्यांचं ते बघतील. तोंडापर्यंत आलं. पण त्या सहाजणांच्या बायकाही कुठल्यातरी टेबलापाशी उभ्या असणार, अकराला किंवा आणखी कितीला. त्यांतली एखादी माझ्यासारखीच तोंडाळही असेल. मी काय सांगणार होते?

शुक्रवारी फोन करत जा, म्हटलं. कितीला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाटेल तेव्हा. दुपारी करा, संध्याकाळी करा, घाई अजिबात नको. शेठ माझ्या समोरच बसला होता. त्यानं मान हलवली.

नाणी संपत आली म्हणाले. मी म्हटलं, सावकाश जा. हो म्हणाले, आणि लाईन गेली.

करार संपायला अजून अकरा महिने होते.